साखरमूळ : युरोपातील एक विसरलेले कंदमूळ



स्वयंपाकघरातील मसाल्याचा डबा उघडला, तर त्यातील बरेचसे कप्पे एकाच वनस्पतिकुलाने अडवलेले असतात, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. धने, जिरे, ओवा, बडीशेप ही सारी एकाच घराण्यातील भावंडे. फोडणीतला हिंग हा त्यांचाच आप्त. कोथिंबीर आणि शेपू ह्या पालेभाज्या त्याच घरच्या, आणि गाजर हे त्या घराण्यातील सर्वांत नावाजलेले मूळ. कोथिंबिरीचा वाफा फुलावर येऊ दिला, म्हणजे ह्या कुलाची खूण स्पष्ट दिसते. देठाच्या टोकाशी एका बिंदूपासून अनेक काड्या फुटतात, प्रत्येक काडीच्या शेवटी पुन्हा बारीक काड्यांचा झुबका असतो आणि त्यावर चिमुकली पांढरी फुले उमलतात. उघडलेल्या छत्रीसारखा किंवा चवरीसारखा हा फुलोरा दिसतो, म्हणून शास्त्रीय मराठीत ह्या कुलाला चामरकुल असे नाव दिलेले आहे.

ह्याच कुलात एक मूळ असे आहे की, ज्याची गोडी एके काळी युरोपातील उमरावांच्या मुदपाकखान्यापासून साध्या गृहस्थाच्या परसापर्यंत सर्वांना ठाऊक होती. आज मात्र त्याच युरोपातील भाजीबाजारात त्याचे नाव घेतले, तर दहांतील नऊ माणसे आपल्या तोंडाकडे पाहत राहतील. इंग्रजीत त्याला स्किरेट म्हणतात, फ्रेंचमध्ये शेर्वी. जर्मन लोक त्याला त्सुकरवुर्त्सेल म्हणतात, म्हणजे शब्दशः साखरेचे मूळ. डच भाषेतील नावाचा अर्थही नेमका तोच आहे. लिनीयसने १७५३ साली वनस्पतींची नावे बांधून दिली, तेव्हा त्याने ह्याला सायम सिसारम असे नाव दिले. आपल्याकडे ही भाजी बाजारात कधी आलीच नाही, त्यामुळे मराठीत तिला नाव नाही. आजच्या भाषणापुरते आपण तिला जर्मन नावावरून साखरमूळ असे म्हणू.

हे मूळ लावतात कसे, जपतात कसे आणि इतके चांगले असून ते विस्मृतीत का गेले, हे आज सांगावयाचे आहे. एखादे पीक माणसाच्या हातून कसे निसटते आणि कसे टिकते, हा प्रश्न केवळ युरोपचा नाही. साखरमुळाच्या उदाहरणात तो विशेष स्पष्ट दिसतो, म्हणून ते निवडले.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. साखरमूळ ही बहुवर्षायू वनस्पती आहे. थंडीत तिचा वरचा भाग वाळून जातो, जमिनीखालील गड्डा जिवंत राहतो आणि वसंत ऋतूत त्यातून पुन्हा कोंब येतात. उन्हाळ्यात झाड सुमारे एक ते सव्वा मीटर उंच होते. पाने पिसासारखी विभागलेली असतात, फुले पांढरी. जमिनीखाली मात्र गाजराप्रमाणे एकच जाड मूळ नसते. डेलियाचा गड्डा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना कल्पना येईल. एका गड्ड्यापासून खाली अनेक मुळ्यांचा जुडगा लोंबत असतो, प्रत्येक मूळ बोटाएवढे जाड, वीतभर लांब, वरून फिकट करडे आणि आतून शुभ्र. चव गाजर, बटाटा आणि रताळे ह्यांच्या मधली, पण गोडीकडे झुकणारी.

ह्या मुळाचा इतिहास पुष्कळ मागे जातो. रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या निसर्गविषयक ग्रंथात 'सिसर' नावाच्या एका मुळाची हकीकत दिली आहे. सम्राट टायबेरियस हा ह्या मुळाचा इतका शौकीन होता की, तो ते दरवर्षी जर्मनीतून मागवून घेई. ऱ्हाईन नदीच्या काठी गेल्डुबा नावाचा किल्ला होता, तेथील सिसर सर्वांत उत्तम, अशी त्या वेळी ख्याती होती. आजच्या क्रेफेल्ड शहराच्या हद्दीत ही जागा येते. प्लिनी पुढे असेही सांगतो की, ह्या मुळाच्या मधोमध एक शीर असते, ती शिजवल्यावर ओढून काढतात. हे सिसर म्हणजे साखरमूळ की त्याच कुलातील पार्स्निप, ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु मधल्या शिरेचे वर्णन साखरमुळाला तंतोतंत लागू पडते, आणि पुढे लिनीयसने सिसारम हे उपपद घेतले तेही ह्याच जुन्या नावावरून.

सोळाव्या व सतराव्या शतकांत साखरमुळाचा सुकाळ होता. जॉन जेरार्डच्या १५९७ सालच्या वनस्पतिकोशात त्याचे वर्णन आहे, जॉन पार्किन्सनने १६२९ साली बागेवर लिहिलेल्या ग्रंथात ते आहे, आणि जॉन एव्हलिनने १६९९ साली केवळ कोशिंबिरीच्या भाज्यांवर पुस्तक लिहिले, त्यातही त्याला स्थान मिळाले. इंग्रज गृहिणींच्या पाकपुस्तकांत तर त्याच्या अनेक कृती आढळतात. हॅना ग्लास हिच्या १७४७ सालच्या सुप्रसिद्ध पाकपुस्तकात मुळे उकडून, साले काढून, चकत्या करून त्या साय, लोणी, अंड्याचा बलक आणि जायफळ घालून करण्याची कृती दिलेली आहे. म्हणजे त्या काळी हे मूळ केवळ गरिबाचे पोटभरू अन्न नव्हते. पाहुण्याच्या ताटात वाढण्याजोगा तो पदार्थ होता.

योगायोग असा की, त्याच १७४७ साली बर्लिनमध्ये साखरमुळाचे भवितव्य ठरविणारी एक घटना घडली. आंद्रेआस सिगिस्मुंड मार्गग्राफ हा त्या काळचा नामांकित रसायनशास्त्रज्ञ. युरोपात साखर येई ती दूरच्या वसाहतींतील उसापासून, गुलामांच्या श्रमावर पिकलेली आणि समुद्र ओलांडून आलेली. आपल्याच मातीत उगवणाऱ्या एखाद्या वनस्पतीत तीच साखर सापडेल काय, हा त्याचा प्रश्न होता. त्याने गोड चवीची तीन मुळे निवडली: पांढरे बीट, तांबडे बीट आणि साखरमूळ. ती वाळवून, कुटून, मद्यार्कात उकळून त्याने त्यांतून स्फटिक वेगळे केले, आणि ते स्फटिक उसाच्या साखरेहून यत्किंचितही निराळे नाहीत असे दाखवून दिले. नावात साखर मिरविणाऱ्या मुळात खरोखरच साखर आहे, हे सिद्ध झाले. परंतु तिन्हींत अधिक साखर निघाली ती पांढऱ्या बिटात.

पुढची गोष्ट सर्वांना माहीत आहे. मार्गग्राफचा शिष्य फ्रान्ट्स कार्ल आखार्ट ह्याने बिटाची निवड करीत करीत त्यातील साखर वाढविली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सायलेशियात बिटापासून साखर काढण्याचा पहिला कारखाना उभारला. इंग्रजांच्या आरमारामुळे उसाच्या साखरेची आवक तुटली, तेव्हा नेपोलियनने १८११ साली फ्रान्समध्ये हजारो हेक्टर जमीन बिटाखाली आणण्याचा हुकूम सोडला. बीट कारखान्यात गेले. साखरमूळ परसातच राहिले. आज जगातील साखरेचा लक्षणीय भाग बिटापासून येतो, आणि त्याच पंक्तीला बसलेल्या त्याच्या सोबत्याचे नावही कोणी घेत नाही.

साखरमुळाच्या पीछेहाटीला दुसरा कारण झाला तो बटाटा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात बटाटा युरोपात आला, आणि अठराव्या शतकात तो शेतात पसरला. प्रशियाच्या फ्रेडरिक राजाने १७५६ साली बटाटा लावण्याविषयी फर्मानच काढले होते. एका खड्ड्यातून ओंजळभर मोठे, गुळगुळीत, सहज धुता येणारे कंद निघू लागल्यावर बोटाएवढ्या मुळ्यांचा गुंता सोडवीत बसण्याची उमेद कोणाला उरणार? साखरमुळाचे दोष चवीत नव्हते, ते कष्टांत होते. प्रत्येक जुडगा हाताने खणावा लागतो. मुळ्यांच्या बेचक्यांत अडकलेली माती एकेक मूळ वेगळे करून धुवावी लागते. काही झाडांच्या मुळांत मधोमध लाकडासारखी कठीण शीर असते, ती शिजवल्यावर काढावी लागते. बियांपासून केलेली झाडे एकसारखी निघत नाहीत. एकाची मुळे जाड, दुसऱ्याची सुतळीसारखी. अशा पिकावर यंत्र चालत नाही आणि व्यापाऱ्याला हवा तो एकसारखा मालही मिळत नाही. ज्या दिवसापासून भाजी परसातून निघून बाजारावर अवलंबून राहिली, त्या दिवसापासून साखरमूळ मागे पडले.

आता लागवडीकडे वळू. येथे दिलेले ऋतूंचे वेळापत्रक इंग्लंड-जर्मनीसारख्या थंड प्रदेशांचे आहे, हे लक्षात ठेवावे.

साखरमूळ दोन प्रकारांनी लावता येते: बियांपासून आणि गड्डा विभागून. बी पेरावयाचे तर मार्च-एप्रिल महिन्यांत, थंडीचा जोर ओसरल्यावर. बी ताजे असावे, कारण चामरकुलातील पुष्कळ बियांप्रमाणे ह्याचीही उगवणशक्ती लवकर कमी होते. बियांना थंडी लागली तर उगवण अधिक चांगली होते. म्हणून काही बागवान ती शरद ऋतूतच उघड्यावर पेरून ठेवतात आणि हिवाळ्याला आपले काम करू देतात. काही जण ओलसर वाळूत बी मिसळून काही आठवडे थंड जागी ठेवतात व मग पेरतात. बी सुमारे एक सेंटिमीटर खोल पडावे, त्याहून खोल नको. उगवण सावकाश आणि मागेपुढे होते. दोन-तीन आठवडे काही दिसले नाही, तर वाफा उकरून पाहू नये. रोपे हाताळण्याजोगी झाली, म्हणजे विरळणी करून दोन रोपांत सुमारे तीस सेंटिमीटर अंतर ठेवावे.

बियांच्या पद्धतीचा मोठा उपयोग निवडीसाठी आहे. हे झाड कीटकांच्या साहाय्याने परपरागित होत असल्यामुळे प्रत्येक रोप आपल्या गुणांत थोडे निराळे असते. पहिल्या हंगामाच्या शेवटी सारी रोपे खणून पाहावीत. ज्याची मुळे जाड, सरळ आणि मधल्या शिरेवाचून आहेत ते झाड राखावे. बाकीची मुळे खाऊन टाकावीत. मूळ मोडून पाहिले की मधली शीर आहे की नाही, हे चटकन कळते. उत्तम झाड एकदा हाती लागले, म्हणजे पुन्हा बियांच्या फंदात पडण्याचे कारण नाही.

तेथून पुढे दुसरी पद्धत सुरू होते. हिवाळ्याच्या अखेरीस, कोंब फुटण्याच्या सुमारास, गड्डा खणून काढतात. त्याच्या माथ्यावर अनेक डोळे असतात. प्रत्येक तुकड्याला एक-दोन डोळे आणि थोडी कोवळी मुळे राहतील, अशा बेताने गड्डा हाताने किंवा चाकूने विभागतात. जाड मुळे स्वयंपाकघरात जातात, आणि डोळ्यांचे तुकडे पुन्हा वाफ्यात लावले जातात. अशा तुकड्यापासून येणारे झाड मूळ झाडाचेच गुण घेऊन येते.

ह्या ठिकाणी साखरमुळाचा खरा विशेष लक्षात येतो. गाजर घ्या. ते द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी मूळ, दुसऱ्या वर्षी फूल व बी. गाजराचे बी हवे असेल, तर काही उत्तम गाजरे न खाता राखून ठेवावी लागतात. धान्याचेही तसेच, दाणा पोटात तरी जाईल किंवा कणगीत तरी राहील. साखरमुळाच्या बाबतीत खाणारा आणि राखणारा ह्यांच्यात असे भांडण नाही. ज्या दिवशी मुळे काढून खावयाची, त्याच दिवशी त्याच गड्ड्यापासून पुढच्या वर्षाची लावणी होते, आणि एकाची चार झाडे होतात ती शेजाऱ्याला द्यावयास मोकळी राहतात. म्हणूनच कोणत्याही कारखान्याच्या किंवा मोठ्या बाजारपेठेच्या आधारावाचून हे मूळ हातोहाती आजपर्यंत पोचले.

जमीन भुसभुशीत, खोल खणलेली आणि कुजलेल्या खताने सुपीक केलेली असावी. ताजे खत घालू नये आणि दगडगोटे वेचून काढावेत. नाही तर मुळांना फाटे फुटतात व साफसफाईचे काम दुप्पट होते. पाण्याच्या बाबतीत मात्र कसूर चालत नाही. सायम ह्या प्रजातीतील वनस्पतींची ओढ ओलसर जागांकडे आहे, आणि साखरमुळानेही ती सोडलेली नाही. उन्हाळ्यात वाफा कोरडा पडला की मुळे बारीक राहतात आणि त्यांतील शीर कठीण होते. पुष्कळदा ज्याला आपण वाणाचा दोष म्हणतो, तो पाण्याच्या हेळसांडीचा परिणाम असतो. म्हणून झाडांच्या बुंध्याशी वाळलेल्या पाल्याचे जाड आच्छादन घालून ओल धरून ठेवावी. थोडी सावली असली तरी ह्या झाडाची तक्रार नसते. कोवळ्या कोंबांवर गोगलगायी तुटून पडतात, तेवढा वसंतातील पहिला महिना डोळ्यांत तेल घालून राखावा लागतो. जमिनीखाली उंदरांच्या जातीच्या प्राण्यांनाही ही गोड मुळे आवडतात. झाड एकदा वाढीला लागले, म्हणजे फारशी निगा लागत नाही. फुलोरा आल्यावर त्यावर नाना जातींचे मित्रकीटक येतात, त्यांचा लाभ शेजारच्या भाज्यांनाही होतो.

काढणीची घाई करू नये. नोव्हेंबरच्या सुमारास पाने वाळतात, तेव्हापासून मार्चपर्यंत लागतील तशी मुळे खणावीत. जमीन हेच त्यांचे कोठार. एक-दोन वेळा कडक थंडी पडून गेल्यावर मुळांची गोडी वाढते, कारण थंडीत वनस्पती आपल्या मुळांतील पिष्टाचे साखरेत रूपांतर करते. साखरयुक्त रस सहजासहजी गोठत नाही, असा त्यात निसर्गाचा हेतू आहे. जमीन दगडासारखी गोठण्याचे भय असेल, तर वाफ्यावर गवताचा जाड थर पसरावा. मार्चमध्ये कोंब फुटू लागले की मुळांचा साठा पानांकडे जाऊ लागतो आणि चव उतरते. तोच खाणे थांबवून लावणी करण्याचा समय.

स्वयंपाकात ह्या मुळांचे फार लाड करावे लागत नाहीत. जुन्या कृतींत साले काढीत असत. आजकाल ब्रशाने खसखसून धुतात आणि सालीसकट शिजवतात, कारण इतक्या बारीक मुळांची साल काढली तर हाती फारसे उरत नाही. चिरलेली मुळे हवेने काळवंडतात, म्हणून लिंबू पिळलेल्या पाण्यात टाकावीत. दहा मिनिटे उकळली की ती मऊ होतात. शीर असल्यास ह्याच वेळी टोकाला धरून ओढली असता निघून येते. मग लोण्यावर परतून मीठ-मिरी घालावी, किंवा सार-सूपात सोडावीत. गोडी मुळातच असल्यामुळे त्यांना जायफळ, लिंबू असा एखादा तीव्र साथीदार चांगला मानवतो.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य आहे. चामरकुलाने माणसाला जसे मसाले दिले, तसेच भयंकर विषही दिले. इसवी सनापूर्वी ३९९ साली अथेन्समध्ये सॉक्रेटिसाला जो प्याला देण्यात आला, त्यातील हेमलॉक ही ह्याच कुलातील वनस्पती. ब्रिटनमध्ये व पश्चिम युरोपात ओढ्याकाठी इनान्थी क्रोकाटा नावाची वनस्पती उगवते. तिच्या मुळांचाही साखरमुळासारखाच पांढरा जुडगा असतो, आणि ती खाऊन माणसे व गुरे दगावलेली आहेत. दोन्हींची फुले पांढऱ्या छत्रीची, दोन्हींना ओलसर जागा प्रिय. तेव्हा रानात दिसलेले साखरमूळ कितीही ओळखीचे वाटले, तरी ते खणून खाण्याचे धाडस कोणीही करू नये. खात्रीच्या ठिकाणाहून मिळालेले बी किंवा गड्डा लावावा आणि आपल्या वाफ्यातलेच मूळ खावे. हा नियम आपल्याकडील अनोळखी कंदमुळांनाही तितकाच लागू आहे.

हे मूळ आपल्याकडे लावता येईल काय, असे कोणी विचारील. त्याचे वार्षिक चक्र थंड हिवाळा आणि ओलसर, सौम्य उन्हाळा ह्यांवर बसलेले आहे. माळव्यातील किंवा वऱ्हाडातील वैशाखाचे ऊन त्याच्या प्रकृतीला मानवणारे नाही. गाजराचा अनुभव ह्या बाबतीत बोलका आहे. आपल्याकडील तांबड्या देशी गाजराचे बी मैदानी प्रदेशात धरते. परंतु नांतसारख्या युरोपीय जातींना फुलावर येण्यासाठी दीर्घ थंडी लागते, म्हणून त्यांचे बी हिमाचल-काश्मीरसारख्या थंड भागांत तयार करावे लागते. साखरमुळाचा स्वभाव ह्या दुसऱ्या पंक्तीतला. शिवाय परदेशी बियाणे किंवा गड्डे खिशात घालून आणणे कायद्याला धरून नाही. २००३ सालच्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे त्यासाठी परवाना आणि तपासणी लागते, आणि ते योग्यच आहे, कारण मातीबरोबर रोगही प्रवास करतात.

मग आपण ह्या मुळापासून घ्यावयाचे काय? घ्यावयाचे ते हे की, चांगली भाजी केवळ चांगली आहे एवढ्यावर टिकत नाही. सम्राटाची आवड, ग्रंथकारांची प्रशंसा, रसायनशास्त्रज्ञाचा पुरावा, हे सारे साखरमुळाच्या पाठीशी होते. तरी दोन-तीन पिढ्यांनी ते खणून धुण्याचा कंटाळा केला आणि ते बाजारातून नाहीसे झाले. उलट पक्षी, ते समूळ नष्ट झाले नाही ह्याचे श्रेय काही थोड्या बागवानांना आहे. त्यांनी दरवर्षी मुळे खाल्ली आणि गड्डा पुन्हा मातीत लावला. आज युरोप-अमेरिकेतील काही हौशी बागवान व जुनी बियाणी जपणारी मंडळी साखरमूळ पुन्हा लावू लागली आहेत, तीही त्याच बळावर. कोणी एक तुकडा राखला होता, म्हणून दुसऱ्याला तो मागता आला.

आपल्याकडे ह्याची साक्ष इंदूरच्या श्रोत्यांना दूर जाऊन शोधावयास नको. गराडू हा कंद गाजराच्या कुलातील नव्हे, तो कोनफळाचा सगोत्र. पण खणण्यास कष्टाचा, सोलण्यास चिकट आणि दिसण्यास ओबडधोबड. तरीही थंडी पडली की सराफ्यात कढया चढतात, तळलेल्या गराडूवर मसाला आणि लिंबू पडते, आणि त्या मागणीच्या जोरावर शेतकरी पुढच्या वर्षी तो लावतो. कोकणात आणि गोव्यात करांदे, कोनफळ ह्यांचे असेच. ज्या घरात ते वर्षातून एकदा तरी शिजतात, त्या घराच्या परसात त्यांचा एखादा वेल असण्याचा संभव असतो. ज्या घरात ते शिजेनासे झाले, तेथे वेलही राहत नाही, आणि एका पिढीनंतर तो ओळखणारेही राहत नाहीत. कोणता कंद किती वेळ उकडावा, कोणाची खाज चिंचेने जाते, कोणता खावा आणि कोणता खाऊ नये, हे ज्ञान पुस्तकांपेक्षा हातांत अधिक असते. हात थांबले की ते थांबते.

म्हणून ज्यांच्याकडे परसाची चार हात जागा आहे, त्यांनी आपल्या आजीच्या आठवणीतला एक तरी कंद तेथे लावावा. तो कसा लावावयाचा, हे सांगणारे माणूस घरात किंवा शेजारी असेल, तर त्याला ह्याच वर्षी विचारावे. काढणीच्या दिवशी पोटभर खावे, आणि एक डोळा पुन्हा मातीत ठेवावा. दोन तुकडे अधिक निघाले, तर एक शेजारी द्यावा. आपला वाफा एखाद्या वर्षी बसला, तर पुन्हा मागण्यासाठी तेच ठिकाण उपयोगी पडते.